मंगळवारचा उशिराचा चहा

मंगळवारी आमच्या घरी सहाचा चहा दार लोटून होतो. हे आधण ठेवतात आणि आल्याचा वास बाहेर येऊ नये म्हणून स्वयंपाकघराचं दार ओढून घेतात. अडतीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्यासाठी केलेला हा बहुधा सगळ्यात मोठा त्याग. मी त्या वेळी गॅलरीत उभी असते. पोटात एक गोळी आणि ग्लासभर पाणी, बाकी काही नाही.

गोळी हाडांची आहे. अ‍ॅलेंड्रोनेट, 70 मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. तीन वर्षं उलटून गेली घेतेय. दिसायला अगदी साधी, पण हिच्याइतक्या अटी माझ्या सासूबाईंनीही घातल्या नव्हत्या.

सुरुवात झाली जुलै 2022 मध्ये. कोथरूडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गुळगुळीत फरशा आहेत (कुठल्या कमिटीने पसंत केल्या देव जाणे). पाऊस पडून गेलेला, हातात भाजीची पिशवी, पाय सरकला, उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ते निघालं तेव्हा गणपती पंधरा दिवसांवर आले होते आणि मोदकाच्या कळ्या पाडायला माझी बोटं वळेनात. त्या वर्षी आमच्या बाप्पांनी साच्यातले मोदक गोड मानून घेतले.

प्लास्टर काढताना डॉक्टर म्हणाले, "काकू, एक डेक्सा करून घ्या."

"अहो, मी घसरले. त्यात हाडांचा काय दोष?"

"तुमचा नातू असा पडला असता तर कपडे झटकून पळाला असता. उभ्या उभ्या पडून हाड मोडलं की आम्ही हाडाकडे बघतो, फरशीकडे नाही."

डेक्सा म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, काही भयंकर नाही. पाठीवर पडून राहायचं, वरून यंत्राचा हात सरकत जातो, पंधरा मिनिटांत बाहेर. रिपोर्टवर मणक्याचा टी-स्कोअर उणे 2.9. तरुण, निरोगी माणसाच्या हाडांशी तुलना करून हा आकडा काढतात. उणे 1 पर्यंत ठीक, तिथून उणे 2.5 पर्यंत हाडं विरळ व्हायला लागलेली, आणि उणे 2.5 किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे ठिसूळ हाडं. मला एकदम आई आठवली. शेवटच्या दहा वर्षांत तिला पोक आला होता, नऊवारी नेसताना निऱ्या जास्तच वर खोचाव्या लागायच्या आणि आम्ही म्हणायचो, वयाने वाकली. मणक्याची हाडं अशी गुपचूप दबतात, पुष्कळदा पाठ दुखण्यापलीकडे काही कळतही नाही, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी आईबद्दल विचारलं आणि मी सांगितल्यावर त्यांनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

मला वाटलं होतं, त्याच दिवशी गोळ्या लिहून देतील. तसं झालं नाही. आधी रक्त तपासलं: कॅल्शियम, किडनीसाठी क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व, थायरॉइड. ड निघालं 11, जे निदान 20 च्या वर तरी हवं. पुण्याच्या एवढ्या उन्हात राहून! पण उन्हाला आम्ही अंगाला लागू कुठे देतो? गाडीवर बसायचं तर सनकोट, हातमोजे आणि डोळे तेवढे उघडे ठेवणारा स्कार्फ. थायरॉइडची आणखी एक गंमत. ती गोळी मी बारा वर्षं त्याच डोसमध्ये घेत होते आणि टीएसएच, म्हणजे गोळीचं प्रमाण बरोबर आहे का ते दाखवणारा रक्तातला आकडा, तपासायचा कंटाळा करत होते. टीएसएच फारच खाली गेलेला, म्हणजे गोळी जास्त होत होती, आणि थायरॉइडचं औषध जास्त झालं की हाडांची झीज वाढते. तो डोस कमी झाला. कॅल्शियम आणि ड भरून काढल्याशिवाय हाडांची गोळी सुरू करायची नाही, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम घसरू शकतं, हेही तेव्हाच समजलं. ड ची 60,000 युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, दुधातून, आठ आठवडे. मी पुड्यांच्या पाकिटावर स्केचपेनने "रविवार" लिहून ठेवलं, कारण आमच्याच नात्यात एकीने ती पुडी दोन आठवडे रोज घेतली होती.

मग दात. "दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन आलात का?" हाडांच्या डॉक्टरने हे विचारावं याचं मला हसूच आलं. पण या औषधांमुळे क्वचित कधी जबड्याचं हाड भरून येत नाही, विशेषतः दात काढल्यावर. आमच्यासारख्यांच्या डोसमध्ये हे फार दुर्मीळ, कॅन्सरसाठी मोठा डोस घेणाऱ्यांत जास्त. तरी जे काढायचं ते आधी काढून घ्यावं. माझी एक दाढ दोन वर्षं "बघू" या खात्यात पडून होती. ती काढली, जखम भरू दिली. आता दातांच्या दवाखान्यात खुर्चीत बसायच्या आधीच मी या गोळीचं नाव सांगते.

वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं औषध असतं, सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन असतं, हे मला सांगितलं गेलं. सहा महिन्यांचं ऐकून मी खूश झाले होते. पण वरच्या मजल्यावरच्या वहिनींचं माझ्या डोळ्यांसमोर झालं. त्या तेच घेत होत्या, डेनोसुमॅब. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेल्या, मुक्काम लांबला, इंजेक्शन चार महिने पुढे गेलं. परत आल्या त्या पाठ धरूनच. मणक्याची दोन हाडं दबलेली. ते औषध थांबलं की अडवून धरलेली झीज एकदम उसळते म्हणे. ठरल्या तारखेपासून फार तर महिनाभर मागेपुढे, त्यापलीकडे ओढायचं नाही, आणि बंद करायचंच असेल तर त्याच्या जागी दुसरं काही सुरू करून मगच. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, की सांगितलेलं व्हिसाच्या गडबडीत राहून गेलं, ते त्यांनाही आता आठवत नाही. औषध वाईट नाही, डॉक्टरांनीही तसंच सांगितलं. पण माझा मुलगा बोस्टनला आहे. मी गोळी घेते म्हटलं.

आता गोळीच्या अटी. सकाळी उठल्यावर, उपाशीपोटी. साध्या पाण्याबरोबर, चहा नाही, दूध नाही, कॉफी नाही. चघळायची नाही, तोंडात विरघळू द्यायची नाही, अख्खी गिळायची. नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, आणि अर्धा तास झाला तरी पोटात काही खाणं गेल्याशिवाय लवंडायचं नाही. हे सगळं मी आधी पथ्यपाण्यासारखं घेतलं, म्हणजे थोडं इकडेतिकडे झालं तर काय बिघडतं. मग डॉक्टरांनी कारण सांगितलं. ही गोळी रिकाम्या पोटी घेतली तरी शंभरातला जेमतेम एक भागही अंगात शोषला जात नाही. त्यात चहातलं दूध आलं की त्यातल्या कॅल्शियमला ती चिकटते आणि तशीच बाहेर पडते. म्हणजे चहाबरोबर घेतलेली गोळी म्हणजे न घेतलेली गोळी. आणि उभं राहायचं ते ती अन्ननलिकेत न रेंगाळता खाली पोटात उतरावी म्हणून.

पाणीसुद्धा मोजून पाहिलं. आमचं रोजचं फुलपात्र म्हणजे दीडशे मिलिलिटर. हवं दोनशे ते अडीचशे. त्यामुळे मंगळवारचा ग्लास वेगळा, उंच, लेकाच्या शाळेत बक्षीस मिळालेला. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी येतं, त्यात क्षार फार. भांड्यांवर पांढरे डाग पडतात. म्हणून त्या सकाळसाठी फिल्टरच्या पाण्याची बाटली आदल्या रात्रीच भरून ठेवते.

वार ठरवायलाही महिना गेला. पहिल्यांदा रविवार घेतला, निवांत असतो म्हणून. रविवारी कोणी ना कोणी येतं, पोहे होतात, आणि दहा वाजता लक्षात येतं. गुरुवारी ह्यांचा दत्ताचा अभिषेक असतो, पूजा झाली की पंचामृताचं तीर्थ हातावर येतं आणि मी ते सवयीने तोंडात टाकते. दूध, दही, दोन्ही आलं. मंगळवारी आमच्याकडे काहीच नसतं.

थायरॉइडची गोळीही उपाशीपोटीच. दोघींना एकच सिंहासन हवं. मला सांगितलेला क्रम असा: सहाला हाडांची, साडेसहाला थायरॉइडची, सव्वासातला चहा-खारी. कॅल्शियमची गोळी थेट दुपारच्या जेवणाबरोबर, कारण ती थायरॉइडच्या गोळीपासूनही चार तास लांब हवी. तुमच्या गोळ्या वेगळ्या असतील तर क्रम तुमच्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्या, तोंडी ऐकलेलं जिना उतरेपर्यंत टिकत नाही.

एवढं सगळं माहीत असून मी माती खाल्लीच. दुसऱ्याच महिन्यात नागपूरला भाचीचं लग्न होतं, रात्रीची स्लीपर बस. पहाटे साडेपाचला जाग आली, मंगळवार आठवला. पिशवीत गोळी होती, बाटलीत तळाशी दोन घोट पाणी. अंधारात गोळी घेतली आणि बस हलतेय म्हणून परत आडवी झाले. उतरल्यावर छातीच्या मधोमध अशी आग, की घासच उतरेना. लग्नाच्या मांडवात ह्यांना वाटलं हार्टचं आहे. अक्षता पडायच्या आत मी ईसीजी काढून घेत होते, पैठणी नेसून. ईसीजी चांगला निघाला. फोनवर आमच्या डॉक्टरांनी एकच विचारलं, "गोळी कशी घेतलीत?" मी खरं सांगितलं. तिकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, गिळताना दुखतंय ना, मग गोळी बंद, परत आल्यावर भेटा. तीन आठवडे बंद होती, पित्ताचं औषध चाललं, घशाखालचं सगळं शांत झाल्यावरच परत सुरू केली. चुकली तर काय करायचं तेही तेव्हा विचारून घेतलं: आठवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक घ्यायची, पुढची पुन्हा नेहमीच्या वारी. एका दिवशी दोन कधीच नाही. आता प्रवासात मंगळवार आला तर गोळी घरीच राहते, परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी.

दुसरा प्रसंग औषधाच्या दुकानातला. नेहमीची स्ट्रिप संपलेली, काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काकू, ती नाहीये, ही घ्या, हाडांचीच आहे, सेमच." दुपारचा एक वाजत आला होता, शटर अर्धं खाली, आणि पुण्यात त्या वेळी दुकानदाराला प्रश्न विचारणं म्हणजे काय ते सांगायला नको. तरी चष्मा काढून वाचलं. आयबँड्रोनेट, 150 मिलिग्रॅम. ती महिन्यातून एकदा घ्यायची असते, आणि तिच्यानंतर अर्धा नाही, एक तास थांबायचं असतं. मी दर मंगळवारी घेत गेले असते तर महिन्यात चार झाल्या असत्या. परत केली. मुलाने तोंड वाकडं केलं. तेव्हापासून मी स्ट्रिपवरचं कंपनीचं नाव बघत नाही, खाली बारीक अक्षरात जे औषधाचं नाव असतं ते आणि मिलिग्रॅम बघते.

दीड वर्षाने एकदा डाव्या मांडीत ठणका लागला. एरवी बाम चोळला असता. पण मांडीत किंवा जांघेत नवं दुखणं सुरू झालं तर कळवा, असं सुरुवातीलाच बजावलं होतं. खूप वर्षं हे औषध घेणाऱ्यांत क्वचित मांडीच्या हाडाला तडा जातो. एक्स-रे साफ आला. कमला नेहरू पार्कला उत्साहात चार फेऱ्या जास्त मारल्याचं ते फळ होतं.

नोव्हेंबर 2024 मध्ये दुसरा डेक्सा केला, त्याच सेंटरला, त्याच यंत्रावर, कारण यंत्र बदललं की आकडे जुळवता येत नाहीत. उणे 2.9 चं उणे 2.6 झालं होतं. माझा चेहरा पडला. दोन वर्षं चहा लांबवून एवढंच? डॉक्टर म्हणाले, "काकू, नुसतं घसरलं नसतं तरी मी खूश झालो असतो. आणि त्यानंतर काही मोडलं का?" नाही मोडलं. पार्किंगमध्ये मात्र मी आता कमिटीच्या मागे लागून खरखरीत पट्ट्या लावून घेतल्यात आणि बाथरूममध्ये धरायला दांडी.

नोव्हेंबर 2027 मध्ये पाच वर्षं होतील. तेव्हा पुन्हा मोजून, गोळीला काही वर्षं सुट्टी देता येते का ते बघणार आहेत; हे औषध हाडात मुरून राहतं, त्यामुळे काहींना तशी देता येते. ह्यांनी आत्तापासूनच विचारायला सुरुवात केलीय, मग मंगळवारी दार उघडं ठेवायचं ना.