लॅपटॉपची स्क्रीन घरीच बदलली, त्याचा अनुभव

ऑफिसमध्ये दोघातिघांनी विचारलं की लॅपटॉपची स्क्रीन खरंच घरी बदलता येते का, म्हणून एकदाच काय ते सगळं लिहून टाकतो. येते. स्क्रू काढा, बसवा, हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे, खरी डोकेफोड आहे ती बरोबर पॅनल, म्हणजे झाकणाच्या आत बसणारी खरी स्क्रीन, मिळवण्यात, त्यामुळे त्याबद्दलच जास्त लिहिणार आहे.

झालं असं की भाचीचा इयरफोन कीबोर्डवरच राहिला आणि तिनं वरून झाकण दाबलं. उघडलं तर कोपऱ्यातून भेगांचं जाळं आणि मधोमध दौत सांडल्यासारखा काळा डाग. सर्व्हिस सेंटरनं साडेनऊ हजार सांगितले, तेही पाच-सहा वर्षं जुन्या मशीनला. ताई म्हणाली, "अरे, त्यात थोडे घालून नवाच येईल की." मी म्हटलं थांब, आधी बघू तरी गेलंय काय.

पहिलं काम, एचडीएमआय केबल लावून लॅपटॉप टीव्हीला जोडला. टीव्हीवर चित्र स्वच्छ आलं म्हणजे मदरबोर्ड आणि ग्राफिक्स ठीक, गेलंय ते पॅनलच. भेग दिसत असेल तर प्रश्नच नाही, पण नुसती अंधारी स्क्रीन असेल तर खोलीतले दिवे घालवून तिरका टॉर्च मारून बघा, पुसट चित्र दिसलं तर बॅकलाइटचा, म्हणजे स्क्रीनच्या मागून उजेड देणाऱ्या दिव्यांचा घोळ आहे. आणि झाकण मागेपुढे करताना रेघा येत-जात असतील तर बरेचदा मदरबोर्डपासून पॅनलला जाणारी डिस्प्ले केबल दुखावलेली असते, नवीन पॅनल घेऊन पैसे घालवू नका.

आता पॅनल. ऑनलाइन लॅपटॉपचं मॉडेल टाकलं की "तुमच्या मॉडेलला फिट" म्हणून ढीगभर पॅनल दाखवतात, त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका, कारण एकाच मॉडेलमध्ये कंपनी हाताला येईल त्या मेकचं पॅनल टाकते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एका दुकानात फोन केला तर पलीकडच्या माणसानं मॉडेल ऐकूनच घेतलं नाही, "भाई, लॅपटॉप का नहीं, पॅनल का नंबर बताओ." हा नंबर पॅनलच्या पाठीवर स्टिकरवर असतो, म्हणजे आधी खोला आणि मग खरेदी करा. उलटं वाटतं पण हाच क्रम बरोबर आहे.

नंबर वाचायला जमला की बरंच कळतं. एनटी किंवा एनव्हीनं सुरू झाला तर बीओई कंपनीचं, बी असेल तर एयूओ, एलपी असेल तर एलजी, नुसता एन असेल तर इनोलक्स. पुढचे १५६ म्हणजे १५.६ इंच. आमचं निघालं एनटी१५६डब्ल्यूएचएम, म्हणजे १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचं (हेच रिझोल्यूशन) टीएन, म्हणजे साध्या प्रकारचं पॅनल. आता तोच नंबर मिळाला तर उत्तम, पण दुसऱ्या मेकचंही चालतं, फक्त चार गोष्टी जुळायला हव्यात: रिझोल्यूशन, कनेक्टर (जिथे डिस्प्ले केबल लागते ते), कनेक्टरची जागा आणि स्क्रूचे कान. कनेक्टरचे प्रकार दोन, एलव्हीडीएस आणि ईडीपी, म्हणजे चित्राचा सिग्नल नेण्याच्या जुन्या आणि नव्या पद्धती. जुन्या मशीनला ४० पिनचा एलव्हीडीएस असायचा, नंतरच्यांना बहुतेक ३० पिनचा ईडीपी, आणि पुढे टचवाल्या किंवा जास्त रिफ्रेश रेटच्या पॅनलला पुन्हा ४० पिनचा पण ईडीपीच, तेव्हा नुसतं "४० पिन" ऐकून उचलू नका. कान म्हणजे पॅनलच्या कडेला जे पत्र्याचे तुकडे असतात, ज्यातून स्क्रू जातात ते. काही पॅनलना ते वर-खाली असतात, काहींना डावी-उजवीकडे, आणि नवीन पातळ पॅनलना नसतातच, ती चिकटवलेली असतात. कान नसलेलं पॅनल कानवाल्या झाकणात बसवायला डबल टेप लावून जुगाड करणारे आहेत, मला ते पटत नाही.

मग स्वतःच गेलो, जुनं पॅनल पुठ्ठ्यात बांधून. डोंबिवलीहून दादर, तिथून वेस्टर्न लाइनची लोकल पकडून ग्रँट रोड, आणि समोर लॅमिंग्टन रोड. दुकानदारानं पॅनल उलटं करून एक नजर टाकली आणि म्हणाला हजार रुपये जास्त द्या, फुल एचडी आयपीएस (जास्त ठिपक्यांचं आणि बाजूनंही नीट दिसणारं पॅनल) देतो, हेच कनेक्टर आहे. मोह झाला, खोटं का बोला. पण निघण्याआधी मी घरी डिस्प्ले केबलचं टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यानं झूम करून बघितलं होतं. ३० पिनच्या ईडीपीत डेटाच्या दोन लेन, म्हणजे दोन वाटा, असू शकतात, पण आमच्या केबलला दुसऱ्या लेनच्या वायरच टाकलेल्या नव्हत्या. कंपनी तरी कशाला टाकेल, १३६६ च्या पॅनलला सेकंदाला साधारण दीड गिगाबिट डेटा पुरतो आणि एका लेनमधून २.१६ जातात. फुल एचडीला ६० हर्ट्झवर अडीचच्या आसपास लागतात, म्हणजे कनेक्टर बसेल खटकन आणि स्क्रीन मात्र काळीच. केबलपण बदलावी लागली असती, तिचा खर्च वेगळा आणि शोधाशोध वेगळी. हे सांगितल्यावर दुकानदार हसला आणि म्हणाला, "फिर वही ले लो, सर." मॅट फिनिशचं तेच पॅनल ३६०० ला मिळालं, दुकानातच लावून दाखवलं, डेड पिक्सेल, म्हणजे मेलेला ठिपका, नाही हे बघूनच पैसे दिले. ऑनलाइन थोडं स्वस्त पडलं असतं कदाचित, पण कुरिअरमध्ये फुटलं तर परत पाठवायची कटकट कोण करणार.

आता उघडायचं कसं ते. सगळ्यात आधी बॅटरी, आणि हे मी तीनदा लिहिलं तरी कमी आहे. नुसता लॅपटॉप बंद करून भागत नाही, कारण पॅनलच्या कनेक्टरमधूनच बॅकलाइटचा करंटही जातो आणि बॅटरी जोडलेली असताना केबल तिरकी घुसली की मदरबोर्डवरचा बॅकलाइटचा फ्यूज उडतो, मग नवीन पॅनलही काळंच राहतं आणि बोर्ड रिपेअरवाल्याकडे जावं लागतं. आमच्या मशीनची बॅटरी आत आहे, त्यामुळे खालचं कव्हर काढलं, बॅटरीचा कनेक्टर ओढला आणि पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरलं. खालचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, लांबडा स्क्रू आखूड जागी पिळला की वर हाताच्या विसाव्यावर फुगवटा येतो. मी कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी सेलोटेपनं चिकटवला.

मग पॅनलभोवतीची प्लास्टिकची चौकट, म्हणजे बेझल. त्याच्या कोपऱ्यांत रबराची बटणं होती, ती टाचणीनं उचकटली की खाली स्क्रू. ते काढून आतल्या कडेत जुनं एटीएम कार्ड सरकवत गेलो. कटकट आवाज येतो, पहिल्यांदा काळजाचा ठोका चुकतो, पण तो लॉक सुटल्याचा आवाज असतो, तुटल्याचा नाही. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर घालू नका, प्लास्टिकवर कायमची खूण राहते. बिजागरीपाशी सगळ्यात शेवटी जा, तिथे लॉक घट्ट असतात. आणि वर कॅमेऱ्याची बारीक वायर असते, बाजूनं वायफायच्या अँटेनाच्या वायरी जातात, ओढाओढी नको. फुटलेल्या पॅनलच्या काचेचे कण पडतात म्हणून मी आधीच त्यावर रुंद चिकटपट्टी मारून ठेवली होती.

चार कोपऱ्यांचे चार स्क्रू काढले की पॅनल मोकळं होतं. ते उचलायचं नाही, कीबोर्डवर फडकं अंथरून त्यावर हळूच तोंडावर पालथं पाडायचं. मागे खाली कनेक्टर असतो, वर पारदर्शक टेप. टेप सावकाश सोडवली आणि मग कनेक्टर सरळ केबलच्या दिशेनं सरकवून काढला. वर उचकटायचा नाही, ३० पिना एवढ्याशा जागेत आहेत, एक वाकली की संपलं. नवीन लावताना उलटं तेच: दोन्ही बाजूंनी समान दाबत सरकवला, तिरका गेला नाही ना ते डोळे बारीक करून बघितलं, टेप परत दाबली.

स्क्रू लावायच्या आधी टेस्ट करा. पॅनल झाकणाला नुसतं टेकवून धरलं, भाचीला बॅटरी जोडायला लावली, चालू केलं. पांढरी, काळी, लाल, हिरवी अशी चित्रं फुल स्क्रीनवर लावून बघितली, ब्राइटनेसच्या कीज चालतात का ते बघितलं. ड्रायव्हर वगैरे काही टाकावं लागत नाही, पॅनल स्वतःची ओळख स्वतःच सांगतं. मग परत बंद, परत बॅटरी काढली, स्क्रू आवळले, बेझल चारी बाजूंनी दाबत आणला, आणि सगळ्यात शेवटी वरची प्लास्टिकची फिल्म काढली.

घाम काढणारी गोष्ट एकच, बेझल. बाकी हात साफ असेल आणि उजेड चांगला असेल तर तासा-दीड तासाचं काम आहे. पण सरसकट कोणीही करावं असं मी म्हणणार नाही. टच स्क्रीन असेल, काच आणि पॅनल एकमेकांना चिकटवलेले असतील, किंवा मॅकबुकसारखं मशीन असेल जिथे अख्खं झाकणच बदलावं लागतं, तिथे मी स्वतःही हात घालणार नाही, मुकाट्यानं दुकानात देईन.