मुळासकट का उपटत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पूर्व पोलंडमधल्या एका जुन्या ज्यू दफनभूमीत आम्ही काही जण वर्षातून तीन-चारदा रान कापायला जातो. फोटो पाहणारा प्रत्येक जण हेच विचारतो: दरवर्षी कापता, दरवर्षी वाढतं, मग एकदाच जेसीबी लावून मुळासकट का काढत नाही?

कारण खाली माणसं आहेत. ज्यू परंपरेत कबर कायमची असते. काही वर्षांनी ती मोकळी करून जागा दुसऱ्याला द्यायची, हे तिथे चालत नाही. प्रागच्या जुन्या दफनभूमीत जागा संपली तेव्हा आधीच्यांना हलवलं नाही, वर माती टाकून नवे थर चढवले. आज तिथे सुमारे 12,000 दगड एकमेकांना रेलून उभे आहेत. साठ-सत्तर वर्षांचं झाड ओढून काढलं तर मुळांबरोबर काय वर येईल, याचा विचार करा. पोलंडमध्ये दफनभूमीतली माती हलवण्याचा प्रश्न आला की रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, आयोगाला विचारावं लागतं. आमचा नियम सरळ आहे: खोड जमिनीलगत कापायचं, बुंधा जागच्या जागी कुजू द्यायचा.

पण सगळी झाडं इतकी शहाणी नसतात. आमच्याकडचा खरा शत्रू रोबिनिया. मूळचं उत्तर अमेरिकेतलं, काटेरी आणि विलक्षण चिवट. एक कापलं की मुळांवरून वीस फुटवे वर येतात. पहिल्या वर्षी आम्ही उत्साहाने सपाट कापलं आणि पुढच्या उन्हाळ्यात आधीपेक्षा दाट रान उभं राहिलं. आता मोठ्या झाडाची साल कमरेच्या उंचीवर पट्ट्यासारखी सोलतो, पण पूर्ण गोल नाही, एक अरुंद पट्टी ठेवतो. झाडाला आपण मरतोय हे कळत नाही (हे माझं शास्त्र, वनस्पतितज्ज्ञांनी माफ करावं). ते मुळांतला साठा वापरत राहतं. एक-दोन वर्षांनी उरलेली पट्टीही काढायची. मग फुटवे कमी येतात. वाळलेलं झाड दगडांवर कोसळण्याआधी उतरवायचं, तेही दोर बांधून, तुकड्यातुकड्याने.

तणनाशक का नाही, हाही प्रश्न येतोच. कबरींचे दगड, म्हणजे मात्सेवा, इथे बहुतेक वालुकाश्माचे आहेत. फवाऱ्यातले क्षार त्यात मुरतात, आत स्फटिक बनतात आणि दगडाचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. दोऱ्याचं ग्रासकटरही दगडाजवळ नेत नाही, त्याच्या फटक्याने अक्षरं झिजतात. दगडाभोवती हातभर जागा विळ्याने आणि कात्रीने.

आयव्हीच्या बाबतीत मी स्वतः पाप केलंय. एका मात्सेवावर वेल दाट चढली होती. एक टोक पकडलं आणि सरकन ओढलं. वेलीबरोबर दगडाची सालही आली. त्या सालीवर वरच्या ओळीची दोन हिब्रू अक्षरं होती, पे आणि नून. ‘इथे दफन केलं आहे’ याचं ते संक्षिप्त रूप, जवळजवळ प्रत्येक दगडावर असतं. माझ्या हातात ती अक्षरं होती आणि समोर कोरा दगड. तेव्हापासून वेल बुडाशी कापतो आणि वर हात लावत नाही. दोनेक वर्षांत ती वाळते, मुळांची पकड सुटते, मग मऊ ब्रशने अलगद उतरते.

शेळ्या सोडा, फुकटात काम होईल, असं सांगणारेही भेटतात. बाबिलोनी तालमूदात, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन ग्रंथात, याचं उत्तर आहे: दफनभूमीत गुरं चारू नयेत, गवत गोळा करू नये, केलंच तर तिथेच जाळावं, मृतांच्या मानासाठी. तिथल्या गवताचा कुणी फायदा घ्यायचा नाही, हा मुद्दा. त्यामुळे कापलेलं आम्ही कुणाला चाऱ्याला किंवा खताला देत नाही.

फांद्यांचं प्रकरण मला सर्वांत आवडतं. कोहेन, म्हणजे पुरोहितवंशातला माणूस, दफनभूमीत पाऊल टाकत नाही, मृताबरोबर एका छपराखाली आला तरी त्याला विटाळ होतो. आणि कबरीवरून भिंतीबाहेर पसरलेली फांदीही छप्परच धरतात. बाहेरच्या रस्त्यावर तिच्याखालून गेला तरी त्याला विटाळ. म्हणून भिंतीबाहेर झुकलेल्या फांद्या आधी छाटायच्या. या गावात आता कोहेन सोडाच, एकही ज्यू राहत नाही. ज्यांनी ही जागा राखली असती ते दुसऱ्या महायुद्धात मारले गेले. देशात अशा दफनभूमी 1,200च्या आसपास आहेत. तरी फांद्या छाटतो. कुणाचा तरी नातू कधीतरी येतोच.

शनिवारी, शब्बाथला, काम बंद. वसंतात पक्ष्यांची घरटी असतात, तेव्हाही मोठं काही कापत नाही. खरं काम नोव्हेंबरात, पानं गळल्यावर, कारण तेव्हाच आडवे पडलेले दगड दिसतात. तोवर पाय टाकण्याआधी काठीने चाचपायचं. मागच्या खेपेला अशाच एका ढिगाखाली काठी ठक्क वाजली. पानं बाजूला केली, कोरीव काम वर असलेला अख्खा दगड होता. उचलला नाही, तज्ज्ञ नसताना उचलायचा नसतो. जागा नकाशावर टिपली आणि त्याच्या कडेने उगवलेले रोबिनियाचे तीन फुटवे कापले.