पाणी चढतं ते मेणबत्ती विझताना

आमच्या तालुका विज्ञान शिक्षक मंडळाचा मेळावा दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या आगेमागे, शनिवारी भरतो. दीपप्रज्वलन, रामन यांच्या प्रतिमेला हार, इतिवृत्त, शाल-श्रीफळ हे सगळं वेळेत पार पडतं. जीव अडकलेला असतो तो त्यानंतरच्या दिग्दर्शन पाठात, म्हणजे शिक्षकांसमोर प्रयोग करून दाखवायच्या पाठात.

त्यातही मेणबत्तीच्या. कितीदाही पाहिला तरी भरून येतं. ताटलीत बोटाच्या पेराएवढं, नीळ घातलेलं पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर उपडा काचेचा ग्लास. काठाखाली तीन नाणी हवीतच. नाहीतर काठ ताटलीला चिकटून बसतो आणि पाणी आत शिरत नाही. पाणी चढलं की सभागृहातून ठरलेलं उत्तर येतं, "ऑक्सिजन संपला, म्हणून एक पंचमांश चढलं." पाठ घेणाऱ्या बाई एवढंच म्हणतात, "पुन्हा बघा. चढतं कधी?" ज्योत नीट जळते तोवर पाणी जेमतेम हलतं, कधी काठाखालून बुडबुडेही निघतात. ज्योत विझू लागली की ते भरभर वर येतं. मग त्याच ग्लासाखाली तीन मेणबत्त्या. ऑक्सिजन तेवढाच, पाणी मात्र जास्त! तापलेली हवा प्रसरण पावून बाहेर गेली, उरलेली थंड होऊन आकसली. ज्योत तर सगळा ऑक्सिजन संपायच्या आधीच विझते. वीस-वीस वर्षं हा धडा शिकवलेले सर पुढे येऊन स्वतः तीन मेणबत्त्या लावून पाहतात, याचा मंडळाला फार अभिमान आहे.

हवेतला ऑक्सिजन एक पंचमांश असतो हे दाखवायचंच तर लोहकीस घ्यावा, तो गंजताना ऑक्सिजन शोषून घेतो. लेथवरचा कीस तेलकट असतो, तसाच वापरला तर नीट गंजत नाही. आधी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात धुवायचा. १५ सेंटिमीटरची परीक्षानळी आतून ओली करून कीस चिकटवायचा, नळी पाण्यात उपडी ठेवायची. दोन-तीन दिवसांनी नळी थोडी खाली दाबून आतली-बाहेरची पातळी जुळवायची आणि मगच मोजायचं: सुमारे ३ सेंटिमीटर. म्हणून ही मांडणी बुधवारीच लागते.

खंत एकच. जेवण आणि प्रमाणपत्रं झाली की निम्म्या खुर्च्या रिकाम्या होतात, आणि घरगुती वस्तूंतून विजेवर फिरणारी मोटर करायचा पाठ तर दुपारीच असतो. इनॅमलच्या तांब्याच्या तारेचे दहा वेढे, दोन सेफ्टी पिना, एक सेल, एक चुंबक. एका टोकाचं इनॅमल पूर्ण खरवडायचं, दुसऱ्याचं फक्त अर्ध्या बाजूचं. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर वेटोळं नुसतं डोलत राहतं, कारण अर्ध्या फेरीनंतर बल त्याला उलट फिरवू पाहतं. लवकर उठून गेलेल्यांच्या वर्गात मोटर इथेच अडते.

राबणारी माणसं आभारप्रदर्शनात नेहमी राहून जातात, म्हणून इथे लिहितो. बुधवारी नळ्या लावणारे प्रयोगशाळा परिचर; कीस देणारे वर्कशॉपवाले; चुंबकांसाठी जुने स्पीकर जपून ठेवणारे रेडिओ दुरुस्तीवाले काका; ताटल्या देणाऱ्या पोषण आहाराच्या मावशी; फलक रंगवणाऱ्या चित्रकलेच्या बाई; खुर्च्या लावणारी आठवीची मुलं; ज्योत हलू नये म्हणून पंख्याच्या बटणापाशी उभे राहणारे शिपाईमामा; आणि वस्तीशाळांवरच्या शिक्षकांची शेवटची एसटी चुकू नये म्हणून त्यांना दुचाकीवरून स्टँडवर सोडणारे आमचे खजिनदार सर.