आतकरवाडीची वाट आणि छातीचा व्यायाम: आधी हे वाचा, मग पैसे खर्च करा

आतकरवाडीतून सिंहगड नेहमी चढणाऱ्यांसाठी लिहितोय, त्यामुळे बूट-पाणी वगैरे सांगत बसत नाही. विषय आहे चढताना लागणाऱ्या दमाचा, आणि तो कमी जाणवावा म्हणून श्वास ओढायच्या स्नायूंना व्यायाम देणाऱ्या यंत्राचा.

आधी फसवणुकीबद्दल. श्वासाच्या स्नायूंच्या व्यायामाचं यंत्र मागितलं, तर इथल्या एका दुकानदाराने तीन चेंडूंचं स्पायरोमीटर गळ्यात मारलं. औषधाच्या दुकानात काहीशे रुपयांना मिळणाऱ्या वस्तूचे हजारांत पैसे लावले आणि वर ‘फुप्फुसं मोठी होतील’ असंही ठणकावून सांगितलं. फुप्फुसं मोठी होत नाहीत. ते चेंडू हवेचा वेग दाखवतात, ६००, ९००, १२०० घनसेंटिमीटर प्रति सेकंद. ऑपरेशननंतर पेशंटने खोल श्वास घ्यावा म्हणून ते असतं. आपल्याला हवं असतं ते स्प्रिंगच्या झडपेचं यंत्र. पुरेसा जोर लावून श्वास ओढल्याशिवाय झडप उघडतच नाही, आणि स्प्रिंगचा ताण वाढवता येतो. दुकानात झडप दाखवा म्हणा. नाही दाखवली तर निघा.

सराव साधा आहे: सकाळी तीस श्वास, संध्याकाळी तीस, आपल्या कमाल जोराच्या साधारण निम्म्या ताणावर. चार ते सहा आठवडे द्यावे लागतात.

आता तो टप्पा. पुणे दरवाज्याच्या खालचा शेवटचा उभा चढ, जिथे बोलणं बंद होतं. श्रम किती जाणवतात ते आकड्यात सांगायची बोर्गची शून्य ते दहाची मोजपट्टी लावली तर तिथे माझा श्वास सात असायचा, म्हणजे ‘फार जड’. आता तोच चढ, जवळपास तोच वेळ, आणि श्वास पाचवर! घड्याळ फारसं हललं नाही, पण छातीवरचं ओझं उतरलं. दरवाज्यात उभा राहून मी चक्क गप्पा मारत होतो.

असं का होतं? स्नायू बळकट झाला की तेवढ्याच श्वासासाठी मेंदूला कमी जोराचा हुकूम सोडावा लागतो, आणि कष्ट जाणवतात ते बहुतांशी त्या हुकमामुळे. शिवाय जोरदार श्रमात शरीराच्या ऑक्सिजनपैकी दहाएक टक्के श्वासाचे स्नायूच खातात. ते थकले की पायांकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि पाय जड होतात. कमाल ऑक्सिजन-क्षमता, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ती मर्यादा, मात्र या व्यायामाने वाढत नाही. तसं कोणी सांगत असेल तर तो विकायला बसलाय.

माझं मत स्पष्ट आहे. दम लागून थांबत असाल तर घ्या. गुडघ्यांमुळे थांबत असाल तर एक रुपयाही घालू नका. पूर्वी फुप्फुसाभोवती हवा साठली असेल, कानाचा पडदा फाटला असेल किंवा दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. चढताना छातीत दाब आला तर यंत्र विसरा आणि लगेच तपासून घ्या.

उतरणीत विशेष काही नाही.

फरक मोजायचा असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी, उजाडताच निघा. रविवारी त्याच चढावर रांग लागते, माणूस थांबत-थांबत चढतो आणि सातचा आकडा आपोआप पाच होतो.