पेन्सिलीनं लिहिलेला अर्ज

साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात नऊ वर्षं वकिली केली आणि आता अमेरिकेतल्या जर्सी सिटीत पुन्हा पहिल्या वर्षाच्या बाकावर बसले आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलो. इथं काळा कोट चढवायचा तर इथला कायदा मुळापासून शिकायला हवा, म्हणून लॉ स्कूलमध्ये नाव घातलं. आई फोनवर विचारते, "कायदा तो कायदाच ना गं? त्यात परत काय शिकायचं?" हे तिच्यासाठी लिहितेय. आणि आपल्याकडची जी मुलं इकडे एलएलएमला, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासाला, यायचं म्हणतायत, त्यांच्यासाठीही.

आपला हात आधी बेअर ॲक्टकडे, म्हणजे कायद्याच्या नुसत्या कलमांच्या पुस्तकाकडे जातो. कलम काय म्हणतं, अपवाद कोणते, मग दाखले. इथं उलटं. प्राध्यापक बाई वर्गात येतात, यादीतलं एक नाव उचलतात आणि म्हणतात, "काय घडलं ते सांग." माणूस कोण, त्यानं काय केलं, खालच्या कोर्टात कोण जिंकलं, वर अपिलात कोण आलं, वरच्या कोर्टापुढे नेमका प्रश्न कोणता होता. एवढं सगळं झाल्यावर मग नियम. निकालपत्र आदल्या रात्री वाचून एका पानावर उतरवून न्यायचं, त्याला ब्रीफ म्हणतात. पहिले दोन महिने माझ्या रात्री त्यातच गेल्या.

माझी पाळी आली ती गिडियन विरुद्ध वेनराइट या खटल्याला. मी सवयीनं सुरुवात केली, "अमेरिकेच्या सहाव्या घटनादुरुस्तीप्रमाणे आरोपीला वकिलाचा हक्क आहे..." बाईंनी मधेच थांबवलं. "तो माणूस कुठल्या कोर्टात उभा होता?"

"फ्लोरिडाच्या."

"म्हणजे राज्याच्या. मग सहाव्या घटनादुरुस्तीचा तिथं काय संबंध?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या एका प्रश्नात अमेरिकन कायद्याची निम्मी बाराखडी आहे हे मला घरी येऊन कळलं.

आपल्याकडे भारतीय न्याय संहिता साताऱ्यात जी, तीच गुवाहाटीत. कोर्टांची उतरंडही एकच: तालुका, जिल्हा, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय. इथं उतरंडी दोन. केंद्राचे कायदे आणि केंद्राची कोर्टं एकीकडे, आणि पन्नास राज्यांचे आपापले कायदे आणि आपापली कोर्टं दुसरीकडे. चोरी, मारामारी, खून, घटस्फोट, वारसा हे बहुतेक सगळं राज्याच्या अखत्यारीत. हडसन नदीच्या अलीकडे न्यू जर्सीचा कायदा, पलीकडे न्यूयॉर्कचा, आणि मधे पाथ ट्रेननं दहा-पंधरा मिनिटांचं अंतर. म्हणून इथल्या विद्यार्थ्यानं कुठल्याही प्रकरणात पहिलं विचारायचं ते हे: कुणाचा कायदा आणि कुणाचं कोर्ट?

आता गिडियन. क्लेरन्स अर्ल गिडियन हा पन्नाशीचा, गरीब, आधी तुरुंग पाहिलेला माणूस. १९६१च्या जूनमध्ये फ्लोरिडातल्या पनामा सिटी गावात पूल, म्हणजे बिलियर्ड्ससारखा खेळ, खेळायच्या एका अड्ड्यात घरफोडी झाली, मशिनींमधली चिल्लर गेली. संशय याच्यावर आला. कोर्टात तो म्हणाला, माझ्याकडे पैसे नाहीत, मला वकील द्या. न्यायाधीशांनी सांगितलं की फ्लोरिडाच्या कायद्यात फाशीच्या गुन्ह्यातच सरकारी खर्चानं वकील मिळतो. गिडियन म्हणाला, अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय म्हणतं की मला वकिलाचा हक्क आहे.

त्या दिवशी तो चुकत होता. सर्वोच्च न्यायालयानं १९४२मध्ये बेट्स विरुद्ध ब्रेडी या खटल्यात नेमकं उलट सांगितलं होतं: राज्याच्या कोर्टात गरीब आरोपीला वकील द्यायलाच हवा असं नाही, खास परिस्थिती असेल तर बघू. गिडियननं स्वतःच स्वतःचा खटला लढवला. सहा ज्युरींनी, म्हणजे निकालासाठी बसवलेल्या सामान्य नागरिकांनी, दोषी ठरवलं, पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात बसून त्यानं तुरुंगाच्याच रेघांच्या कागदावर पेन्सिलीनं सर्वोच्च न्यायालयाला अर्ज लिहिला. त्या अर्जाचा फोटो मी पाहिला. अक्षर ठळक, शाळकरी, शब्दांच्या चुका आहेत, पण म्हणणं अगदी स्वच्छ. साताऱ्यात मोफत विधी सेवेच्या वकिलांच्या पॅनेलवर असताना कोल्हापूरच्या कळंबा जेलमधून आलेले असेच अर्ज मी हातात घेतले आहेत. फोटो बघताना कागदाचा तो दमट वाससुद्धा आठवला.

न्यायालयानं अर्ज दाखल करून घेतला आणि १८ मार्च १९६३ला नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी गिडियनच्या बाजूनं निकाल दिला. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. १७९१च्या पहिल्या दहा घटनादुरुस्त्या मुळात फक्त केंद्र सरकारला बांधणाऱ्या. यादवी युद्धानंतर, १८६८मध्ये, चौदावी दुरुस्ती आली. तिनं राज्यांना बजावलं की योग्य कायदेशीर प्रक्रियेशिवाय कुणाचं जीवित, स्वातंत्र्य, मालमत्ता हिरावता येणार नाही. त्या दाराने एकेक हक्क राज्यांच्या कोर्टांत शिरत गेला. त्याच वाटेनं वकिलाचा हक्क १९६३मध्ये पनामा सिटीपर्यंत पोहोचला.

आणि पूर्वनिर्णय, म्हणजे वरच्या कोर्टाचा आधीचा निकाल? तो बंधनकारक असतो हे आपणही शिकतो. पण सर्वोच्च न्यायालय स्वतःचा निर्णय फिरवू शकतं, आणि ते कसं फिरवतं हे इथं डोळ्यांसमोर दिसतं. बेट्सच्या वेळी न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी विरोधी निकालपत्र लिहिलं होतं. एकवीस वर्षांनी गिडियनचं निकालपत्र लिहिलं ते त्याच ब्लॅक यांनी. अल्पमतातलं निकालपत्र वाया जात नाही, हे मला एवढं लख्ख कुठल्याच पाठ्यपुस्तकातून समजलं नव्हतं.

आपल्याकडेही ही वाट आहे. हॉसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७८च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मोफत कायदेशीर मदतीला न्याय्य प्रक्रियेचाच भाग मानलं. साताऱ्यात त्या पॅनेलवर मी उभी राहायचे, ती याच आधारावर.

बाईंचा मात्र जीव होता तो गिडियनच्या दुसऱ्या खटल्यात. निकालानं तो सुटला नव्हता, फक्त खटला नव्यानं चालायचा होता. तो ऑगस्ट १९६३मध्ये चालला, त्याच न्यायाधीशांपुढे, पण या वेळी वकिलासह. टॅक्सीवाल्यानं साक्ष दिली की गिडियन त्याला म्हणाला होता, मला नेलंस हे कुणाला सांगू नकोस. ऐकून कुणालाही वाटेल, संपलं. वकिलानं उलटतपासणीत विचारलं, याआधी असं कधी म्हणाला होता? टॅक्सीवाला म्हणाला, नेहमीच म्हणायचा. का? बायकोशी त्याचं बिनसलेलं असायचं. ज्युरींनी तासाभरात निर्दोष ठरवलं. उलटतपासणीतला तो पुढचा प्रश्न कधी विचारायचा, हे अशिलाला कुठून कळणार? तेवढ्यासाठीच तर वकील लागतो.

गेल्या महिन्यात मी मॅनहॅटनला १०० सेंटर स्ट्रीटवरच्या फौजदारी कोर्टात रात्री जाऊन बसले. तिथं अटक झालेल्यांना पहिल्यांदा न्यायाधीशांपुढे आणण्याचं काम रात्री एकपर्यंत चालतं, आणि कुणीही मागच्या बाकांवर बसून बघू शकतं. न्यायाधीशांच्या डोक्यावर भिंतीवर अक्षरं, 'इन गॉड वी ट्रस्ट'. खटल्याच्या नावात सरकार नाही, 'न्यूयॉर्क राज्याचे लोक' विरुद्ध अमुक. आपल्याकडे 'महाराष्ट्र शासन विरुद्ध' म्हणतात. मला हा फरक आवडला.

एक विशी-बाविशीचा मुलगा आला, दुकानातल्या चोरीचा आरोप. नेमून दिलेल्या वकील बाई हातात फायलींचा गठ्ठा घेऊन त्याच्या कानाशी वाकल्या, दोन वाक्यं बोलल्या, मग न्यायाधीशांकडे वळल्या. जेमतेम तीन मिनिटांत तो जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच हमीवर, सुटला आणि पुढची तारीख मिळाली. हक्क खरा आहे. पण त्या गठ्ठ्यात किती माणसं होती, हे मोजावंसं वाटलं. इथले शंभरातले नव्वदहून जास्त दोषसिद्ध आरोपी खटला चालून नव्हे, गुन्हा कबूल करून दोषी ठरतात. टॅक्सीवाल्याला पुढचा प्रश्न विचारण्याची वेळच येत नाही. माझ्या मते गिडियनचं काम इथं अर्धंच झालंय.

आणखी एक, इकडे राहणाऱ्या आपल्या माणसांनी लक्षात ठेवण्याजोगं. हा हक्क फौजदारी खटल्यापुरता. इमिग्रेशन कोर्टात, देशाबाहेर काढण्याच्या प्रकरणातसुद्धा, वकील लावता येतो पण स्वतःच्या खर्चानं. सिनेमात पोलीस म्हणतात ना, "वकील परवडत नसेल तर नेमून दिला जाईल", ते वाक्य त्या कोर्टात लागू नाही. तेव्हा व्हिसाच्या बाबतीत काही कागद हाती आला तर शेजारच्या काकांचा सल्ला घेऊन थांबू नका. वकील गाठा.

त्या रात्री साडेअकराला मी निघाले. दारापाशी एक बाई बसली होती, मांडीवर पुरुषाचं जाड जाकीट. प्रत्येक नाव पुकारलं की ती अर्धवट उठायची आणि पुन्हा बसायची. साताऱ्यात पट्टेवाल्यानं पुकारा केला की व्हरांड्यातली आई अशीच उठते.