पीएचडीचा सिमिलॅरिटी रिपोर्ट: माझा अनुभव

प्रबंध झाला, गाइडची सही झाली, आणि गाडी अडली ती विद्यापीठाच्या ग्रंथालयात, कॉपी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी. अजून आठवलं की डोकं तापतं.

माझा विषय गणितातला: फायनाइट सेमीग्रुपचे (मोजके घटक आणि त्यांचा साहचर्य पाळणारा गुणाकार) फील्डवरचे (बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार चालणारी संख्यापद्धती) आल्जिब्रा. इतर मजकुराशी जुळणीची मर्यादा १० टक्के, माझा रिपोर्ट आला २३. लाल, म्हणजे जुळलेलं, काय होतं? ‘लेट एस बी अ फायनाइट सेमीग्रुप’ (एस हा फायनाइट सेमीग्रुप मानू) ही प्रत्येक प्रमेयाआधी येणारी ओळ! गणितज्ञ मन्नचं १९५५ चं प्रमेयही लाल, संदर्भ दिलेला असूनही. खानापूरहून सकाळची गाडी धरून जायचं आणि खिडकीवर ऐकायचं, “रीफ्रेज माडरी मॅडम, नाळे बर्री.” म्हणजे शब्द बदलून लिहा, उद्या या.

रीफ्रेज काय करायचं? मन्न सांगतो, फायनाइट इन्व्हर्स सेमीग्रुपचा (प्रत्येक घटकाला एकच व्यस्त असलेला) आल्जिब्रा सेमीसिंपल (साध्या तुकड्यांत पूर्ण सुटणारा) असतो तो फील्डची कॅरेक्टरिस्टिक (१ कितीदा मिळवला की शून्य येतो ती संख्या; कधीच येत नसेल तर शून्य) शून्य असेल किंवा तिने एकाही मॅक्सिमल सबग्रुपच्या (आतल्या, आणखी वाढवता न येणाऱ्या ग्रुपच्या) ऑर्डरला, म्हणजे घटकसंख्येला, भाग जात नसेल तेव्हाच. ‘मॅक्सिमल सबग्रुप’ काढून नुसतं ‘सेमीग्रुप’ लिहिलं की प्रमेय खोटं. तीन बिंदूंवरच्या सिमेट्रिक इन्व्हर्स मोनॉइडमध्ये (बिंदूंच्या काही किंवा सगळ्या भागावरच्या एकास-एक जोडण्यांचा इन्व्हर्स सेमीग्रुप) ३४ घटक असतात. ३४ ला ३ ने भाग जात नाही, तरी कॅरेक्टरिस्टिक ३ असेल तर आल्जिब्रा सेमीसिंपल नाही, कारण आत ६ ऑर्डरचा ग्रुप आहे. उलट १७ ने ३४ ला भाग जातो, आणि कॅरेक्टरिस्टिक १७ असेल तर काहीच बिघडत नाही. मी हे रिपोर्टच्या पाठकोऱ्या बाजूला लिहून दाखवलं. खिडकीवरच्यांनी कागद परत सरकवला.

शेवटी यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) वाङ्मयचौर्याबद्दलचे २०१८ चे नियमच छापून नेले. प्रमाण चिन्हं, समीकरणं, सर्वसाधारण संज्ञा, संदर्भसूची तपासणीतून वगळायची असतात, सलग १४ शब्दांपर्यंतची योगायोगाची जुळणीसुद्धा. तसा अर्ज केला, लाल ओळींची पानवार यादी गाइडच्या सहीने जोडली आणि थेट ग्रंथपालांना भेटले. त्यांनी सेटिंग बदलून फाइल पुन्हा चालवली. ७ टक्के! प्रमेयाचा एक शब्द मी बदलला नव्हता.

तेव्हा खिडकीवर वाद घालण्यात दिवस घालवू नका, नियमाचा कागद पहिल्याच दिवशी न्या. व्हायव्हा (तोंडी परीक्षा) सुरळीत झाला. ३४ घटकांचं तेच उदाहरण तिथेही उपयोगी पडलं. आणि हो, अर्जावर इनवर्डचा शिक्का मारून पोच घ्या. माझा पहिला अर्ज खिडकीवरच्यांच्याच टेबलावर गहाळ झाला होता.