कुलकर्णी आडनावाचा शोध : तिसऱ्या वर्षाअखेरची नोंद

गेल्या वर्षीची नोंद लिहिली तेव्हा माझ्याजवळ माझा स्वतःचा एक डीएनए अहवाल, अर्धवट वंशावळ आणि मोडीतील अकरा कागद एवढेच साहित्य होते. आज नमुने चार झाले आहेत, कागदांपैकी सात अक्षर न् अक्षर लावून, म्हणजे वाचून, झाले आहेत, आणि ज्या प्रश्नाने मी या कामाला हात घातला तो प्रश्नच चुकीचा मांडला गेला होता, हे माझ्यापुरते निश्चित झाले आहे. ‘कुलकर्णी घराण्याचे मूळ गाव कोणते?’ असे मी विचारत होतो. कुलकर्णी नावाचे एक घराणे कधीच नव्हते. कुलकर्ण ही गावोगावची वृत्ती, म्हणजे वंशपरंपरेने चालणारे हक्काचे काम, होती, आणि ती ज्याच्याकडे होती त्याच्या वंशजांनी पुढे ते नाव आडनाव म्हणून लावले.

हे सर्वांना ठाऊक असलेले सत्य आहे असे कोणी म्हणेल, परंतु ते नुसते ठाऊक असणे आणि शोधाची सगळी पद्धत त्यावर बेतणे यांत फार अंतर आहे. कुळ म्हणजे जमीन कसणारे कुटुंब आणि करण म्हणजे लेखनिक, अशी या शब्दाची व्युत्पत्ती सर्वसाधारणपणे दिली जाते. पाटलाने गावाचा कारभार पाहायचा आणि कुलकर्ण्याने कुळवार हिशेब ठेवायचा, अशी ही जोडी होती. परगण्याच्या पातळीवर हीच जोडी देशमुख आणि देशपांडे अशी होते. वऱ्हाडात गावच्या याच कामगाराला पांड्या किंवा पटवारी म्हणत, जुन्या म्हैसूर भागात शानभोग म्हणत आणि तेलुगू मुलखात करणम म्हणत. म्हणजे किनारी कर्नाटकातील शानभाग आणि देशावरील कुलकर्णी यांची आडनावे अर्थाने सख्खी आहेत, रक्ताने मात्र त्यांचा संबंध असलाच पाहिजे असे मुळीच नाही.

या आडनावाचा विस्तार नकाशावर मांडला की तो वृत्तीचाच नकाशा ठरतो. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर, मराठवाडा आणि तेथून खाली बेळगाव, धारवाड, विजयपुरा, बागलकोट या सलग पट्ट्यात हे नाव दाट आहे आणि भाषेची सीमा त्याला अडवत नाही. घरात कन्नड बोलणारी कुलकर्णी कुटुंबे मराठी बोलणाऱ्यांइतकीच जुनी आहेत. कोकणात जेथे खोती रुजली तेथे वसुलीचा व्यवहार खोताच्या हाती गेला आणि हे नाव विरळ होत गेले, असे मला मतदारयाद्या चाळताना दिसले. गोव्यात गावकरीचा, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचा, लेखनिक कुळकर्णी म्हणूनच ओळखला जाई. जातीच्या दृष्टीनेही हे नाव एका ठिकाणी बांधलेले नाही. देशस्थांत ते सर्वाधिक असले तरी कऱ्हाडे, सारस्वत आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभू यांतही कुलकर्णी आहेत. तेव्हा केवळ आडनाव सारखे आहे म्हणून दोन माणसांचा पितृवंश एक असेल, ही अपेक्षा सुरुवातीलाच सोडून द्यावी लागते.

ज्यांना ही गोष्ट आकड्यांत हवी असेल त्यांनी इंग्लंडमधील दोन अभ्यास अवश्य पाहावेत. २००० साली ब्रायन साइक्स यांनी स्वतःच्याच आडनावाच्या पुरुषांची वाय गुणसूत्रे (जी बापाकडून मुलाकडेच जातात) तपासली, तेव्हा सुमारे ४४ टक्के जणांत एकच नमुना निघाला. यॉर्कशरमधील ओढ्यावरून पडलेले ते नाव बहुधा एकाच मूळ पुरुषापासून पसरले असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे २००९ मध्ये टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० आडनावांच्या १,६७८ पुरुषांची तुलना केली. दुर्मीळ आडनावांत एकवंशीयता स्पष्ट दिसली. अ‍ॅटनबरो या आडनावात तर ती ८७ टक्क्यांच्या आसपास होती. स्मिथ या आडनावात मात्र तसे काहीच हाती लागले नाही, कारण लोहार प्रत्येक गावात होता. कुलकर्णी हे आपले स्मिथ आहे. म्हणून एखाद्या कुलकर्ण्याने या मार्गाने शोध घ्यायचा असेल तर आडनावाच्या मागे जाऊन गाव, गोत्र, कुलदैवत आणि वृत्तीपूर्वीचे मूळ उपनाव हे चारही धागे एकत्र धरावे लागतात. समर्थ रामदासांचे उदाहरण माझ्या सतत डोळ्यांपुढे असते. त्यांच्या घराण्याकडे जांब गावचे कुलकर्ण होते, पण घराण्याचे उपनाव ठोसर. ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांकडे पैठणजवळच्या आपेगावचे कुलकर्ण होते, असे परंपरा सांगते. या दोन्ही घराण्यांचे वंशज आज नुसते ‘कुलकर्णी’ म्हणून एका यादीत भेटले असते, तर आपण काय समजलो असतो, याचा विचार करावा.

आता माझ्या कामाकडे वळतो. आमचे गाव नीरा नदीच्या खोऱ्यातील आहे आणि गावात कुलकर्ण्यांच्या दोन तक्षिमा, म्हणजे वृत्तीचे दोन वाटे, आहेत. दोन्ही तक्षिमा एकाच मूळ पुरुषाच्या दोन मुलांपासून निघाल्या, असे लहानपणापासून ऐकत आलो. यंदा लागलेल्या सात कागदांपैकी एक खरेदीखत आहे आणि त्याने या समजुतीला छेद दिला. कागदावरील साल ‘तिसा सबैन मया व अलफ’ असे अरबी शब्दांत आहे. नवीन वाचकांसाठी सांगतो की हा सुहूर सन आहे. तिसा म्हणजे नऊ, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार, म्हणून ११७९. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७८ मिळतो. सुहूर वर्ष मृगाच्या सुमारास, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होत असल्याने जानेवारी ते मेमधील तिथीसाठी ६०० मिळवावे लागतात. माझी पहिली तारीख याच कारणाने एका वर्षाने चुकली होती आणि त्यामुळे सबंध वंशावळीत एक पिढी सरकली होती. या खतात कर्जापोटी निमे कुलकर्ण दुसऱ्या गोत्राच्या माणसाला लिहून दिल्याचे स्पष्ट म्हटले आहे, आणि साक्षीदारांत पाटलाच्या नावापुढे सहीच्या जागी नांगराची निशाणी आहे. ती निशाणी प्रथम ओळखली त्या संध्याकाळी मी पुढचे काहीच वाचू शकलो नाही, इतका आनंद झाला.

हा कागद वाचून होण्यापूर्वीच दुसऱ्या तक्षिमेतील एका गृहस्थांनी आपला नमुना दिला होता आणि त्याचा अहवाल मला कोड्यात टाकून गेला होता. माझा पितृवंश आर१ए या हॅपलोग्रूपच्या (वाय गुणसूत्रावरून ठरणाऱ्या वंशगटाच्या) एल६५७ या शाखेत येतो आणि त्यांचा जे२ मध्ये. या दोन शाखांचा समाईक पुरुष हजारो नव्हे, तर दहा हजारांच्या कितीतरी पट वर्षांपूर्वी होऊन गेला. दोन भावांची संतती असण्याचा प्रश्नच उरत नाही. खरेदीखताने ते कोडे विनासायास सोडवले. दोन्ही घरांत आता ही गोष्ट सांगितली गेली आहे आणि कोणालाही त्यात कमीपणा वाटला नाही, हे नमूद करायला मला बरे वाटते.

तिसरा नमुना मला सर्वांत मोलाचा वाटतो. आमच्या शाखेतील एक पुरुष होळकरांच्या चाकरीत इंदूरला गेला आणि त्याच्या वंशजांनी तेथे गावावरून पडलेले ‘कर’ प्रत्ययाचे आडनाव लावले. त्या घरातील आजच्या पिढीशी आमचा पत्रव्यवहारही उरला नव्हता. माझ्या आणि त्यांच्या नमुन्यात ३७ मार्करांपैकी (वाय गुणसूत्रावरील तुलनेच्या ठरावीक जागांपैकी) ३४ जुळले. या ३७ मार्करांच्या संचात एका पिढीत एका मार्करमध्ये बदल होण्याची शक्यता सरासरी अर्ध्या टक्क्याच्या आसपास धरली, आणि कागदांवरून आमच्या दोन फांद्या आठ पिढ्यांपूर्वी फुटल्या असे मानले, तर दोन्ही बाजूंच्या सोळा पिढ्यांत सुमारे तीन बदल अपेक्षित ठरतात. प्रत्यक्षातही तीनच निघाले. वेगळे आडनाव लावणारा माणूस सगोत्र भाऊबंद ठरला आणि तेच आडनाव लावणारा शेजारी परका ठरला, असे तूर्त दिसते.

तरीही येथे सावध राहिले पाहिजे. एल६५७ ही शाखा कांस्ययुगात अल्पकाळात फार वेगाने फोफावली आणि भारतीय उपखंडात तिचे असंख्य वाहक आहेत. अशा शाखेत दोन दूरच्या माणसांचे मार्कर योगायोगानेही जवळ येतात. म्हणून ३४ या आकड्यावर मी निकाल दिलेला नाही. दोघांच्याही वाय गुणसूत्राचे सविस्तर वाचन करणारी बिग वाय चाचणी मागवली आहे. तीत आम्हा दोघांपुरते समाईक असे नवे बदल सापडले तरच नाते पक्के झाले असे मी म्हणेन. चौथा नमुना विजयपुरा जिल्ह्यातील एका कन्नडभाषक कुलकर्ण्यांचा आहे. त्यांचे आणि आमचे गोत्र कौशिकच असल्याने मी आशा धरली होती, पण त्यांचा वंश आर२ मध्ये निघाला. एका नमुन्यावरून गोत्रपरंपरेविषयी काही बोलणे अनुचित होईल, त्यामुळे ती बाब तेथेच सोडतो.

दत्तकाविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. वतनदार घरात पुत्र नसेल तर वृत्ती घरात राहावी म्हणून दत्तक घेण्याची चाल सर्वत्र होती, आणि दत्तक आला की आडनाव चालू राहते, वाय गुणसूत्र मात्र बदलते. आमच्याच एका फांदीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दत्तक घेतल्याची नोंद आहे. त्या घरातील वडीलधाऱ्यांना मी चाचणीविषयी विचारले तेव्हा त्यांनी नम्रपणे नकार दिला. मी पुन्हा विचारलेले नाही आणि विचारणारही नाही. चाचणीचा निकाल एका व्यक्तीचा नसतो, तो तिच्या चुलत्यांचा, पुतण्यांचा आणि न विचारलेल्या सगळ्यांचा असतो. म्हणून नमुना घेण्याआधी मी प्रत्येकाला दत्तकाची आणि अनपेक्षित निकालाची शक्यता समजावून सांगतो आणि लेखी संमती घेतो. आपल्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी ही पायरी गाळू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सर्वसाधारण, म्हणजे आईवडील दोघांकडून येणाऱ्या, गुणसूत्रांच्या जुळणीकडे मी यंदा फारसे लक्ष दिले नाही. आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या होती आणि विवाह पोटजातीतच होत, त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीतला नातेवाईक तिसऱ्या पिढीतला वाटावा इतके तुकडे जुळतात. लहान तुकडे मी सरळ बाजूला ठेवतो. १९६८ साली इरावती कर्वे आणि मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातील एकाच दर्जाच्या आठ अंतर्विवाही ब्राह्मण गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली होती. डीएनए तपासणीची साधने नव्हती त्या काळात त्यांनी जात या मोठ्या नावाखालचे गट वेगळे ठेवून पाहण्याची शिस्त घालून दिली, आणि आडनावाच्या अभ्यासाला तीच शिस्त लागते.

हे नाव गोठले कधी, हाही माझ्या टिपणातील एक विषय आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून तलाठी नेमले. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने संपुष्टात आली. वृत्ती गेली तरी शाळेच्या दाखल्यांत आणि सरकारी दप्तरांत आडनाव तोवर पक्के होऊन बसले होते. आमच्या घरातील १८८० च्या आधीच्या एकाही खासगी पत्रावर हे आडनाव नाही. तेथे स्वतःचे आणि वडिलांचे नाव एवढेच आहे.

पुढील सहा महिन्यांत उरलेले चार कागद लावायचे आहेत. त्यांपैकी दोन पाण्याने भिजल्यामुळे शाई फुटली आहे आणि ते जाणकाराकडून वाचून घ्यावे लागतील. पुण्याच्या पुराभिलेखागारात १८५२ च्या इनाम कमिशनच्या (इनामांचे हक्क तपासणाऱ्या सरकारी मंडळाच्या) चौकशीत आमच्या गावची कैफियत, म्हणजे लेखी निवेदन, दाखल झाली होती का, हे पाहायचे आहे, कारण तीत दोन्ही तक्षिमांनी आपापली वंशावळ स्वतः सांगितलेली असण्याचा संभव आहे. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या, यात्रेकरूंच्या वंशावळी नोंदवलेल्या वह्यांतून आमच्या गावचे पान दिवाळीनंतर पाहण्याचे ठरले आहे. इंदूरच्या बंधूंनी तेथे सोबत येण्याचे कबूल केले आहे, आणि दोघांच्या चाचण्यांचे अहवालही तोवर हाती येतील.